बंदी हवी, पण खोरे ओळखून

‘उजनीचे पाणी खोऱ्याबाहेर नेण्यास कायद्याने बंदी घाला’ ही मागणी करणारे पत्र वाचले. चार-चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आणि घरात पिंपे भरून ठेवणाऱ्या सोलापुरात ती लोकप्रिय होणारच. पण पत्रलेखक जिल्ह्याची हद्द म्हणजेच खोऱ्याची हद्द धरून चालले आहेत. उजनी धरण भीमा नदीवर आहे; सीना नदीही भीमेलाच मिळते, आणि तिच्या खोऱ्यात धाराशिवचे परंडा, भूमही येतात. तिकडे गेलेले पाणी भीमा खोऱ्यातच राहते. खरे खोऱ्याबाहेर जाते ते मुळशीसह टाटांच्या धरणांतले पाणी. उजनीच्या वरच्या अंगाला अडवलेले हे पाणी सुमारे शंभर वर्षे विजेसाठी घाटाखाली उतरते आणि शेवटी समुद्राला मिळते. त्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही!

अमेरिकेतील आठ राज्यांनी २००८च्या करारानुसार महासरोवरांचे (‘ग्रेट लेक्स’) पाणी खोऱ्याबाहेर नेण्यास बंदी घातली, पण काटेकोर अपवादही ठेवले. विस्कॉन्सिनमधील वॉकेशा शहराला २०१६ मध्ये परवानगी मिळाली ती वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा खोऱ्यात सोडण्याच्या अटीवर, आणि तीही आठही राज्यांच्या संमतीने. आपल्याकडे कायदा करायचाच तर त्यात परतीच्या पाण्याची अशी अट आणि खालच्या भागातील लोकांची जाहीर सुनावणी असावी. मुळशीलाही तोच नियम लावावा.

– एक वाचक, सोलापूर