योग नाही

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

फोनवर सांगायला हवं होतं हे मलाही कळतंय, पण फोनवर काय होतं, बाबा दोनदा "हं, हं" करतात आणि फोन आईकडे देतात, आई "जेवलास का" पासून सुरू करते, मग भाजी कुठली, मग शेजारच्या काकूंचा गुडघा, आणि वीस मिनिटांनी मी "ठेवतो गं" म्हणतो आणि सांगायचं ते तसंच राहतं. दोन रविवार असंच झालं. म्हणून पत्र. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून ताईबरोबर पाठवतोय, बाबा, भिंग घेऊन बसू नका, आणि आई, आधी शेवटचं पान बघायचं नाही.

तर, मी लग्न करतोय. मुलगी माझी मीच बघितलीय. नोटीस देऊन आज बारा दिवस झाले.

नोटीस म्हटल्यावर बीपी वाढवून घेऊ नका, कोर्टाची भानगड नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती ३० दिवस ऑफिसात लावून ठेवतात, कुणाची हरकत आली नाही की जाऊन सह्या करायच्या. हॉल नाही, वाजंत्री नाही, आहेर नाही. साक्षीदार तीन लागतात. एक ताई, एक माझा जुना रूममेट, तोच, ज्यानं आईची लोणच्याची बरणी दहा दिवसात संपवलेली. तिसऱ्याचं पुढे सांगतो.

तुम्हाला आधी का नाही सांगितलं, तर सांगणारच होतो, दिवाळीत त्यासाठीच दोन दिवस जास्त थांबलो होतो. पण नेमकं गॅसचं कार्ड शोधताना ती वही हाताला लागली.

बाबा, मला वाटायचं ती वही तुम्ही कधीच रद्दीत घातली असेल. दोनशे पानी, खाकी कव्हर, पट्टीनं आखलेले रकाने, अगदी तुमच्या निकालपत्रकासारखे. अनुक्रमांक, तारीख, गाव, शिक्षण, उंची, गुण, शेरा. २०१४ ते २०२१, एकतीस स्थळं. आणि शेऱ्यात निळ्या पेननं एकाखाली एक, योग नाही, योग नाही, योग नाही.

तेवढंच असतं तर मी वही मिटून ठेवली असती. पण पेनच्या खाली पेन्सिल होती. बारीक अक्षरात, खोडायचं तर खोडता यावं म्हणून असेल. फलटण, "पायाचे पंजे मोठे वाटतात म्हणे." मिरज, "हसताना हिरड्या दिसतात म्हणे." बार्शी, "प्रत्येक वाक्याला ॲक्च्युअली म्हणते म्हणे." प्रत्येक ठिकाणी ते तुमचं "म्हणे". म्हणणारा मीच, एस.टी.त खिडकीला बसून म्हणायचो, आणि घरी आल्यावर समोरच्यांना फोन करायचा तुम्ही. मी आतल्या खोलीत असायचो. तुमचा आवाज तेवढा ऐकू यायचा, "नाही नाही, मुलीत काही म्हणजे काही नाही, योग नाही हो." तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस माझ्यासाठी हॉलमधे उभा राहून खोटं बोलायचा.

आणि खोटं पण कच्चं, बाबा. अठराव्या नंबरच्या स्थळाला गुण लिहिलेत ३६ पैकी ३१, आणि शेरा "एकनाड सांगितले". नाडीचे आठ गुण हे तुम्हीच मला पाठ करून घेतलंय. एकनाड असेल तर आठ गेले, राहिले अठ्ठावीस, त्याच्या वर गुण जातीलच कसे? त्या मुलीच्या वडलांना एवढी वजाबाकी येत नसेल? आली असणार. ऐकून घेतलं त्यांनी.

माझ्या ऑफिसात आता पंचविशीतली पोरं आहेत, त्यांच्याकडे ह्याला शब्दच आहे, इक. भेटले, सगळं छान चाललेलं, आणि त्यानं पळत जाऊन रस्ता क्रॉस केला आणि पाठीवर सॅक उडाली, झालं, इक आला, संपलं. मी आपला लंच टाइमला त्यांना शहाणपण शिकवत असतो, पण मी काय वेगळं केलं? त्यांच्या आधीच केलं आणि तुमच्या खर्चानं. ॲपवर तर अजूनच सोपं, तिथं माणूस नसतोच, फोटो असतो, हिंजवडीच्या जाममधे वाकडचा पूल येईस्तोवर मी चाळीस-चाळीस जणींना नको म्हटलेलं आहे. एकीला तिच्या मागच्या पडद्यांवरून. सगळंच क्षुल्लक असतं असं नाही म्हणत मी, एकीनं समोर वेटरला चुटकी वाजवून बोलावलं होतं, तो नकार मी आजही देईन. पण हिरड्या?

आता विटा. आई, इथं तू चिडू नकोस, मला पूर्ण लिहू दे. २०१६, जानेवारी. पेनमधे योग नाही. पेन्सिलीत, "बांगडीला सेफ्टी पिना अडकवलेल्या. गबाळी वाटते म्हणे." आणि त्याच्या खाली, "निघताना मुलीच्या वडिलांनी थंडीत स्टँडपर्यंत सोडले. वाटेत खायला चिवडा दिला. डबा परत करणे."

मला ती मुलगी आठवतच नाही गं. तोंड आठवत नाही, नाव आठवत नाही, फक्त हिरव्या बांगडीला तीन पिना, एक मोठी दोन छोट्या, पोह्याची डिश पुढे करताना हललेल्या. आणि हे मी तुला येऊन सांगितलं. तुला, जिच्या बांगडीला मी जन्मल्यापासून पिना बघतोय. चड्डीचं बटण तुटलं, पिन. दप्तराचा पट्टा निघाला, पिन. प्रीतिसंगमावर अनवाणी पळताना तळपायात बाभळीचा काटा मोडला तेव्हा तू मला तिथंच पायरीवर पालथं घालून, बाबांकडून काडेपेटी घेऊन पिन तापवून काटा काढलेलास, आणि मी बोंबलू नये म्हणून सगळा वेळ "कृष्णा कुठली आणि कोयना कुठली, बोट दाखव बघू" करत होतीस. मी दरवेळी चुकीचं दाखवायचो. ती तुझी पिन मला पवित्र आणि तिची गबाळी.

तू तेव्हा काही बोलली नाहीस. पण त्यानंतर तुझ्या बांगडीला पिना दिसल्या नाहीत मला. ह्या दिवाळीत मुद्दाम बघितलं, नव्हत्या. मंगळसूत्रालाही नव्हत्या. वयानं बोटं चालत नसतील, दुसरंही काही कारण असेल, मी उगाच लावून घेतोय असं ताई म्हणते. असू दे.

वहीत अजून एक होतं बाबा, तुम्हाला वाटलं असेल मला कधी कळणार नाही. एकतीसातल्या सहांना तुम्ही मला सांगितलंत की पत्रिका नाही जुळली, आपणच नको म्हटलं. पेन्सिलीत लिहिलंय, "त्यांचा नकार." इचलकरंजीच्या पुढे लिहिलंय, "मुलगा बोलताना सारखी बोटे मोडतो म्हणून. ह्याला सांगू नये."

मी अजूनही मोडतो. हे टाइप करताना दोनदा मोडली.

तर ही मुलगी. हिची नोंद वहीत सापडणार नाही कारण आम्ही आधी एकदा भेटलो होतो आणि तेव्हा दोघांचाही नकार होता. ताईच्या मैत्रिणीनं गाठ घालून दिलेली. मी हॉटेलात बसल्या बसल्या सवयीनं "एक स्पेशल, दोन कप" सांगितलं. बाबा, ही सवय कुणाची ते मी लिहीत नाही. तिनं मैत्रिणीला सांगितलं की पहिल्याच भेटीत ज्याला अर्धा चहा पुरतो त्याच्याबरोबर जन्म कसा काढायचा. आणि मी ताईला काय सांगितलं, तर तिची भाषा. ती लातूरकडची, औसा तालुक्यातली. "काय करायलाव?" म्हणते. "मी यायलेय." मला चारचौघात कसंतरीच झालं. मी कोण, तर कॉलेजात पहिल्या वर्षी "न्हाय" म्हटल्यावर अख्खा वर्ग हसलेला तो कराडचा पोरगा, ज्यानं होस्टेलवर आरशासमोर "नाही, नाही" घोकलं होतं.

मग दीड वर्षानं एका मित्राच्या वास्तुशांतीला पंगतीत शेजारी आली. मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावून असा भुरका मारला की समोरच्या पंगतीतल्या आजोबांनी वर बघितलं. आणि मला काहीच झालं नाही. म्हणजे मी वाट बघत होतो होईल म्हणून. नाही झालं. उलट मीही मारला. ह्याहून मोठं कारण माझ्याकडे नाहीये, तुम्ही विचारणार की काय बघितलंस, तर शिक्षण, नोकरी सगळं चांगलं आहे, स्वभाव शांत आहे, बँकेत आहे, पण खरं सांगायचं तर मठ्ठा.

आता हे जरा सावकाश वाचा. ती आपल्यातली नाही. हे मी तिसऱ्या पानावर लिहितोय यातच काय ते आलं, मला माहितीये आत्या काय म्हणेल आणि गावाकडे भावकीत बाबांना काय ऐकावं लागेल. पण एकतीस वेळा आपल्यातल्याच होत्या ना, त्यांना मी पंज्यांवरून परत पाठवलं. पत्रिका बघितलेली नाही आणि बघायची नाहीये. कुणी विचारलंच तर बाबा, ह्यावेळी काही बनवून सांगू नका, त्यालाच आवडली म्हणा.

तुमचं काहीही बदलणार नाही. पुण्याला येऊन राहा असं कुणी म्हणणार नाही, तुमचा साडेतीनचा चहा, संध्याकाळची घाटावरची फेरी, दूधवाल्याशी भांडण, सगळं आहे तसं. याल तेव्हा लिफ्ट आहे, कमोड आहे, आईसाठी बाथरूममधे धरायला दांडा बसवून घेतलाय, गीझर डावीकडे फिरवायचा. एकच सांगून ठेवतो. तिच्या घरी रात्री आतून कडी लावत नाहीत. त्यांचं गाव किल्लारीच्या जवळ, १९९३ ला ती चार वर्षांची होती, गणपती विसर्जन करून सगळे झोपलेले आणि पहाटे चारच्या सुमाराला ते झालं, तेव्हापासून नाही लावत. ती स्वतःहून बोलत नाही, तुम्हीही विचारू नका. आई, तू कडी, वरून बोल्ट, वरून कुलूप लावणारी. कराडला आलो की आम्ही बाहेरच्या खोलीत झोपू, दार माझ्यावर सोड. चोर आला तर मी आहे.

आता कामं. पहिलं, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन "थंडी संपू दे" करत तिसऱ्यांदा ढकलायचं नाही, मी तारीख घेतलीय, ताई घेऊन जाईल. आई, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नसते, डॉक्टर तू नाहीयेस. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. ती पहिल्यांदा येईल तेव्हा पोहे नकोत, खरंच नकोत, काहीही कर पण पोहे नको, आणि साडी नेसून ती समोर बसणार नाही, ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहील, तिला सवय आहे, तू "बाहेर बस" म्हणू नकोस. तिच्या पायांकडे बघायचं नाही. हे मी मलाच सांगतोय जास्त.

बाबा, तिसरी सही तुमची. तारीख नोटिशीचे ३० दिवस झाल्यावर तुमच्या सोयीनं घेऊ, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत कधीही चालतं, म्हणजे डोळ्यांचं उरकून निवांत. आधार कार्ड आणि दोन फोटो लागतील. नाही करावीशी वाटली तर माझ्या रूममेटचा भाऊ यायला तयार आहे, त्याबद्दल मनात काही धरणार नाही मी. पण जागा मी रिकामीच ठेवलीय.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, मोहरीचा स्टीलचा डबा महिनाभर शोधतेयस असं ताई म्हणाली. कामवाल्या मावशींवर संशय घेऊ नकोस. मी नेलाय. मोहरी वरच्या फळीवर हॉर्लिक्सच्या बरणीत आहे. डब्याच्या बुडाला नाव कोरलंय त्यांचं, घासून बघितल्यावर दिसलं. इतक्या वर्षांनी न्यायचा कसा आणि काय म्हणून द्यायचा ते अजून ठरत नाहीये, पण मोकळा नाही द्यायचा एवढं कळतं. तुझ्या चिवड्याचं प्रमाण पाठव, पातळ पोह्यांचा, अर्ध्या किलोचं.