हरवलेला कागद आणि माझी कॅसेट

प्रिय पम्या,

परवा फोनवर म्हणालास ना की लेकाला झोपवताना 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' लावतोस, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. तुला त्या गाण्याची गंमत माहितीये का? गीतरामायणातलं हे पहिलंच गाणं, पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला वाजलं. गदिमांनी लिहून बाबूजींकडे, म्हणजे सुधीर फडक्यांकडे, चाल लावायला दिलं आणि बाबूजींकडून कागदच हरवला! रेकॉर्डिंग तोंडावर, गदिमा जाम भडकले, शेवटी म्हणे रेडिओ स्टेशनवरच्या सीताकांत लाडांनी त्यांना एका खोलीत कोंडलं आणि पंधरा मिनिटांत ते नवीन गाणं लिहून बाहेर आले. पंधरा की पन्नास, तू घड्याळ लावत बसू नकोस, प्रत्येकजण थोडं तिखटमीठ लावतोच. पण मला राहून राहून वाटतं, तो हरवलेला कागद कसा असेल रे?

घाईत लिहिलंय असं कुठे जाणवतं तरी का! कुश-लव गातायत, समोर राम ऐकतोय आपलीच गोष्ट, आणि ही आपली पोरं आहेत हे त्याला ठाऊकच नाही. बापाला बापाचीच कथा. इथे माझ्या घशात आवंढा येतो, हसू नकोस. चाल भूप रागाची, म नाही नी नाही, सगळे मिळून पाचच सूर, म्हणून तर आपल्यासारख्या बेसुऱ्यांनाही गुणगुणता येतं.

मग वर्षभर दर आठवड्याला एक गाणं. ठरली होती बावन्न, त्या वर्षी अधिक मास आला म्हणून छप्पन्न झाली. माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, सगळे गायलेत त्यात. आमच्या आजीकडे रेडिओ नव्हता, ती शेजारच्या वाड्यात जायची, तिथे आधी रेडिओला हार, उदबत्ती, मग गाणं. ती चप्पल बाहेर काढून बसायची, आणि हे सांगताना सुद्धा हात जोडायची.

आणि हो, शेवटचं 'गा बाळांनो, श्री रामायण' पण ऐकव पोराला. त्यात वाल्मीकी त्या दोघांना गायला पाठवतायत, म्हणजे तिथून परत पहिलं गाणं सुरू! हे मला चाळिशीत कळलं, बोल.

बाबांची ती कॅसेट मात्र तुझ्याकडेच आहे, दहावीच्या सुट्टीत नेलेलीस. टेप गुंतली असेल तर पेन्सिल घालून फिरव, ओढू नकोस.

तुझा,
बाळ्या