भरणीला पोती किती पडली?

ती. आण्णा आणि आई,
सा. न. वि. वि.

हे मी फोनवर बोलायला गेले की आण्णा "आईशी बोल" म्हणून फोन पुढं सरकवतात, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. आण्णांचा चष्मा बदलायचा राहिलाय, हे मला इथं बसूनही कळतं.

उसाला माती चढवतात त्या मोठ्या भरणीला मी वहीत लिहिलं होतं, "युरिया, एकरी ३ पोती." आण्णा, तुम्ही सांगितलेला आकडा. मला तो पटलाही, कारण आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे आणि त्यातलं ४० टक्के मोठ्या भरणीला द्यायचं असतं. हिशोब एकराला ३ पोत्यांच्या आसपासच बसतो. मनात म्हटलं, आण्णा सुधारले.

मग तुम्ही पाणी पाजलं आणि तिसऱ्या दिवसापासून माझे आकडे उधळले. गावानं ज्यांना 'पालथ्या बादल्या' नाव ठेवलंय, त्या डब्यांचे. सरीत रोवलेल्या कड्यावर डबा बसवायचा आणि आत साठलेली हवा लावल्या लावल्या, मग १५, ३० आणि ४५ मिनिटांनी सिरिंजनं ओढून घ्यायची, एवढंच त्यात करायचं असतं. आई बांधावर बसून मोबाइलवर वेळ लावायची, "झाली गं पंधरा!" इतका वक्तशीर मदतनीस मला पुण्यात मिळालेला नाही. ते नमुने प्रयोगशाळेत यंत्रात सोडले, तर नायट्रस ऑक्साइड, म्हणजे खतातल्या नत्रापासून सुटणारा वायू, नेहमीच्या कितीतरी वर. आधी मी स्वतःवरच संशय घेतला. सिरिंज गळली असेल, बाटलीचं बूच सैल असेल. आठ दिवस तेच तपासत होते. नमुने बिघडले असं सरांना सांगूनही बसले. शेवटी त्याच सऱ्यांची माती तपासली, तर नायट्रेटही तसंच चढलेलं. माती आणि हवा दोघींनी ठरवून खोटं बोलायचं काय कारण?

नुसत्या गॅसवरून पोती मोजता येत नाहीत, हे मान्य. आपली जमीन काळी, चिकट. पाटानं पाणी भरलं की मातीतली हवा निघून जाते. मग तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वास काढतात आणि त्यातून हा वायू सुटतो. पाणी जास्त झालं तरी आकडा वाढतो. तरीपण ३ पोत्यांत एवढं होत नाही, आण्णा. मला वाटतं, ५ पडली.

दोन पोत्यांनी काय बिघडतं, असं तुम्ही म्हणणार. जगभर हिशोबाला धरतात ते प्रमाण असं, की १०० किलो नत्र घातलं तर त्यातलं साधारण १ किलो या वायूच्या रूपानं वर जातं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के नत्र, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. म्हणजे एका पोत्यामागं सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. ट्रॅक्टरमध्ये ३३ लिटर डिझेल जाळावं तेवढं. आणि विहिरीच्या पाण्यात झिरपतं ते वेगळंच.

तात्या चावडीवर सांगत होते, "ऊस दिवसभर कार्बन ओढतोय, आपल्यालाच पैसे द्याय पायजेत." ओढतो, खोटं नाही. आमच्या मनोऱ्यावरची यंत्रं हवेतला कार्बन सेकंदाला १० वेळा मोजतात; दुपारी ऊस नुसता अधाशासारखा ओढतो आणि रात्री थोडं परत सोडतो. पण जमवलेलं बहुतेक सगळं ट्रॉलीत बसून कारखान्याला जातं. साखर लोकांच्या पोटात, चिपाडं बॉयलरमध्ये, आणि रानात उरलेल्या पाचटाला आपण काडी लावतो. तात्यांना एवढं सांगू नका, नाहीतर माझे डबे बांधाबाहेर फेकतील.

चांदोलीच्या अंगाला एका माळावरच्या गवतातही हेच डबे लावलेत. तिथं डबा झाकला की आतला मिथेन वाढत नाही, कमी होतो. ती माती हवेतला मिथेन खाते! पुस्तकात वाचलं होतं, पण स्वतःच्या वहीत आकडा उतरताना बघितला तेव्हा अंगावर काटा आला. आपल्या रानाची ती भूक जवळजवळ मेलीय. खताचं नत्र वाढलं की मिथेन खाणारे जिवाणू मंदावतात.

तुम्ही का टाकली ते मला कळतं. खालच्या पट्टीत खारवट चोपण वर यायला लागलंय, मागच्या खोडव्याला टनेज पडलं. रान उपाशी राहील या भीतीनं हात सैल सुटतो. आणि मग पोरीसमोर सांगायचं कसं, म्हणून ३. मी रागावले नाही. पण खोट्या आकड्याचा प्लॉट मला वहीतून काढून टाकावा लागेल, आईच्या सगळ्या "झाली गं पंधरा"सकट.

तेव्हा खरा आकडा फोनवर सांगा. आईला निरोप देऊन नको, तुम्ही स्वतः. आणि तोड झाल्यावर निम्म्या रानात तरी पाचट जाळू नका, सरीआड सरी राहू दे. पाचटाखाली ओल टिकते. त्यानं हा वायू वाढतो की घटतो, तेच मला आपल्या मातीत बघायचंय. रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला एकटे जाऊ नका. गुडघा दुखत नाही, हाही तुमचा तीन पोत्यांसारखाच आकडा आहे.

शनिवारी येते.

तुमची,
सुमी

ता. क. आई, शेंगा वाळवायच्या तळवटाला जोडलेली ती नवी कोरी पाच पोती उसवून ठेवू नकोस. मी फोटो काढलाय.