ग्रुपमधून काढले, पुढे काय?

महोदय,

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा ऑनलाइन तासाला एखाद्या मुलाने मुलीबद्दल घाणेरडा शेरा मारला, की पुण्यातल्या अनेक शाळा आणि क्लास त्याला ग्रुपमधून काढून मोकळे होतात. मग मुले शिक्षकांविना वेगळा ग्रुप काढतात आणि ती मुलगी आणखी एकटी पडते. मी शिक्षिका आहे, हे पाहून फार अस्वस्थ व्हायला होते.

मेसेज आधी जपून ठेवावा, मग ग्रुपवरून हटवावा. मुलाला चारचौघांत झापू नये, पालकांसह बोलवून समज द्यावी. मुलीशी वेगळे आणि आधी बोलावे. एवढ्याने बहुतेक प्रकरणे मिटतात.

पण अश्लील किंवा बनावट फोटो फिरला असेल, तर शाळेच्या अब्रूखातर गप्प बसणे हा गुन्हा ठरू शकतो. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. असा फोटो ‘पुरावा’ म्हणून पालकांच्या ग्रुपवर टाकणे तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली, म्हणजे मुलांची अश्लील चित्रे पसरवण्याच्या गुन्ह्याखाली, येऊ शकते. आरोपी अल्पवयीन असला तरी बाल न्याय मंडळ आहे, तिथे सुधारण्याची संधी मिळते.

जूनमधल्या पहिल्याच पालकसभेत प्रत्येक शाळेने तक्रार घेणाऱ्या शिक्षकाचे नाव जाहीर करावे, फळ्यावर १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक लिहावा.

– एक शिक्षिका, कोथरूड, पुणे