फिजिओथेरपिस्ट ताईंना, वाडीवाडीतल्या पालकांकडून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या लेकराचे पाय ताठायला लागले की गुहागर-दापोलीकडच्या घरांत पहिला प्रश्न येतो, "इंजेक्शन घ्यायचं की ऑपरेशन?" तुम्ही आम्हाला त्याआधी घोटा बघायला शिकवलंत. त्यासाठी हे पत्र.

मुलाला उताणं निजवायचं, गुडघा सरळ ठेवायचा, टाच तळहातात धरायची आणि पाऊल नडगीकडे अगदी सावकाश न्यायचं. कुठवर येतं ते पाहायचं. मग तेच भरकन, पण जोर न लावता. मध्येच कुठे अडतं ते पाहायचं. दोन जागांत बरंच अंतर असेल तर तो मेंदूकडून येणारा ताठरपणा, तो औषधाने सैलावतो. सावकाश नेऊनही पाऊल काटकोनात येत नसेल तर स्नायूच आखूड झालेला असतो, आणि नुसत्या इंजेक्शनने आखूड स्नायू लांब होत नाही. हे तुम्ही आयांच्या हातावर हात ठेवून दाखवलंत. त्यानंतर डॉक्टरांना काय विचारायचं ते आम्हाला कळू लागलं.

बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे ताठ स्नायू सैल करणारं ते इंजेक्शन, त्याबद्दल तुम्ही कधी फुगवून सांगितलं नाहीत. असर काही दिवसांत दिसू लागतो, महिन्याभरात सर्वांत जास्त असतो आणि ३ ते ४ महिन्यांत ओसरतो. तेवढ्या काळात ताण देणं, उभं करणं, गेटर (गुडघा सरळ ठेवणारा पट्टा) आणि स्प्लिंट (पाऊल नीट धरून ठेवणारा साचा) रोजच्या रोज झालं नाही तर पाय पुन्हा होता तिथेच येतो. मात्रा मुलाच्या वजनावर आणि स्नायूवर ठरते. एका ब्रँडचं युनिट म्हणजे दुसऱ्याचं युनिट नव्हे, म्हणून ब्रँड आणि युनिट दोन्ही फाईलमध्ये लिहून घ्या, हे तुमचं वाक्य आता पाठ झालंय.

आखूड पोटरीसाठी टप्प्याटप्प्याचं प्लास्टर: आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलत पाऊल थोडं थोडं वर आणायचं. इथे आपला पाऊस आडवा येतो. साधं प्लास्टर पुरतं वाळायला एरवीही एक-दोन दिवस लागतात. आषाढात पडवीत ते ओलसरच राहतं, आणि चुलीजवळ धरलं तर आत चटका बसतो. फायबरचं लवकर घट्ट होतं, पण आतला कापूस भिजला की कातडी तशीच सडते. म्हणून ऑक्टोबर ते मे हाच काळ धरा, असं तुम्ही सुचवलंत. बोटं गार, निळसर किंवा सुजलेली, टाचेकडून कुबट वास, न बोलणारं मूल रात्रभर रडतंय, यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखान्यात जाऊन प्लास्टर काढून घ्यायचं. स्प्लिंटच्या बाबतीत, काढल्यावर उठलेला लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्त करून आणायचा.

बॅक्लोफेनची गोळी सगळं अंग सैल करते, म्हणून सर्वांगाने ताठणाऱ्या मुलांना ती उपयोगी. पण त्यात पेंग येते, काहींची लाळ वाढते, मानेचा आणि पाठीचा उरलासुरला आधारही ढिला पडू शकतो. काही मुलं त्या ताठरपणाच्याच जोरावर उभी असतात! गोळी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. गणपतीला गावी येताना पट्टी मुंबईत राहिली, घाटात दरड कोसळली, असं होतंच. पंधरा दिवसांचा साठा घरात हवा.

पोटाच्या कातडीखाली बसवायचा, औषध थेट कण्यात सोडणारा बॅक्लोफेनचा पंप दर काही महिन्यांनी मोठ्या केंद्रात जाऊन भरावा लागतो, आणि ती तारीख चुकणं धोक्याचं. कण्यातल्या संवेदी नसांचे काही धागे कापायची शस्त्रक्रिया मोजक्याच मुलांसाठी, बहुधा दोन्ही पाय ताठ पण धडात बळ असलेल्या. कापलेलं परत जोडता येत नाही. टाचेची शीर घाईने, गरजेपेक्षा जास्त सैल केली तर मूल पुढे गुडघे मोडून चालू लागतं. हे सगळं तुम्ही कुणाला न घाबरवता सांगितलंत.

आणि खुबा. न चालणाऱ्या मुलाचा खुबा न दुखताही हळूहळू सरकतो, म्हणून ६ ते १२ महिन्यांनी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे. पाय ताठ दिसत नसले तरीही. हे आम्हाला तुमच्याआधी कुणी सांगितलंच नव्हतं. आता एक्स-रेची तारीख कालनिर्णयावर लिहिलेली असते.

कळावे, लोभ असावा.

आपले,
वाडीवाडीतले पालक