नऊ तारखेची रांग आणि गरोदर मातांचे गट

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. त्यामुळे खेड्यातल्या बाईला निदान डॉक्टर भेटतो, हे मान्यच आहे. तथापि, बीड जिल्ह्यात आरोग्य सहायिका म्हणून काम केल्यामुळे त्या दिवसाची दुसरी बाजूही मी जाणते. सकाळपासून रांगेत ताटकळलेली बाई आत जाते आणि वजन, रक्तदाब, पोटाची तपासणी व लोहाच्या गोळ्या एवढे उरकून काही मिनिटांत बाहेर येते. विचारायचे ते मनातच राहते.

याला पर्याय म्हणून गटाने तपासणी करण्याची पद्धत अमेरिकेत शेरॉन शिंडलर रायझिंग या परिचारिकेने १९९० च्या दशकात रुजवली. साधारण एकाच सुमारास बाळंत होणाऱ्या आठ ते बारा जणी ठरलेल्या दिवशी एकत्र जमतात, आपले वजन व रक्तदाब स्वतः मोजून नोंदवतात, एकेकीची तपासणी आडोशाला होते आणि उरलेला दीड-दोन तासांचा वेळ बोलण्यासाठी असतो. हे बोलणे किती कामाचे असते, ते आपल्या व्हरांड्यातही दिसते. गोळ्यांनी बाळ काळे होते, या समजापायी पाकिटे डब्यात तशीच पडून असतात आणि आमच्या उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही. पण शेजारची बाई जेव्हा सांगते, "मी रातच्याला जेवून घेती, मग मळमळत न्हाई, चहासंगं तेवढी घिऊ नगंस," तेव्हा ते पटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असताना हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणी किमान आठ भेटींची शिफारस केली. गटाची पद्धत मात्र संशोधनाची जोड देऊन, पुरेशी साधने असतील तेथे आणि बाईची इच्छा असेल तरच वापरावी, असे सांगितले. म्हणून सरसकट आदेश न काढता प्रत्येक जिल्ह्यातील मोजक्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग व्हावा. एचआयव्ही चाचणीचा निकाल किंवा घरातली मारहाण गटात उघड होता कामा नये, त्यासाठी एकांत हवाच. सगळ्या वस्त्यांवरच्या बायका एका सतरंजीवर आपोआप बसतील, असेही मी मानत नाही. ते आशाताईला जमवावे लागेल आणि त्या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळायला हवा.

मराठवाड्याची खरी अडचण स्थलांतराची आहे. दसऱ्याला चौथा महिना असलेली बाई ऊसतोडीसाठी कोयत्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि पुष्कळदा फडावरच तिचे दिवस भरतात, त्यामुळे गावातला गट कितीही चांगला असला तरी तो तिच्यासाठी अर्ध्यावर तुटतो. तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर गटाच्या नोंदी असाव्यात आणि ते कार्ड पाहून साखर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राने तिला आपल्या गटात घ्यावे, मग ती कोणत्या जिल्ह्याची आहे हे विचारू नये. यासाठी आरोग्य विभाग आणि साखर आयुक्तालय यांनी गाळप सुरू होण्यापूर्वीच एकत्र बसून लेखी सूचना काढाव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
जि. बीड