ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र : आमच्या वाड्यातल्या एका मीटरविषयी

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मंगळवारी दुपारी नाना पेठेतल्या आमच्या वाड्याची वीज तोडली. मी मशीनवर होते. लग्नघरचे चार ब्लाउज संध्याकाळी द्यायचे होते, ते तसेच राहिले. सासूबाईंना दमा आहे. रात्री दीड वाजता त्यांना धाप लागली, तेव्हा वाफेचं यंत्र लावायला त्यांना हाताला धरून शेजारच्या वाड्यात नेलं. ते जिने उतरताना त्या माझी क्षमा मागत होत्या, साहेब. त्यांचा काय गुन्हा?

वाड्यात आम्ही चार बिऱ्हाडं, मीटर एकच, तेही मालकांच्या नावावर. एका घरातला कर्ता माणूस चार महिने कामाविना बसलाय. त्याचा वाटा थकला, आणि चौघांच्याही घरात अंधार झाला. तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी असं कायदा सांगतो. ती मालकांच्या पत्त्यावर गेली. आम्हाला कळलं ते माणूस मीटरपाशी येऊन उभा राहिल्यावर.

आता हिशेब बघा. माझ्या घरात महिन्याला ८५ युनिट जळतात, इतरांचंही तेवढंच. वेगळे मीटर असते तर चौघंही १०० युनिटांच्या आतल्या स्वस्त दरात बसलो असतो. एकत्र ३४० होतात आणि वरचे युनिट ३०० च्या पुढच्या चढ्या दराने लागतात. त्यावर स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. हे शुल्क तर थेट सरकारच्या तिजोरीत जातं. म्हणजे गरिबाच्या वाढीव बिलावर सरकारचीही कमाई वाढते.

वेगळं मीटर मागायला मी तीनदा गेले. मालकाचं ना हरकत पत्र आणा, म्हणाले. २००३ च्या वीज कायद्यात मालक किंवा भोगवटादार, म्हणजे जागेत प्रत्यक्ष राहणारा, दोघांनाही जोडणी मागता येते. सतरा वर्षांच्या भाडेपावत्या घेऊन उभी असलेली बाई भोगवटादार नाही तर कोण?

सूर्यघर योजनेत छपरावर सौर पॅनेल बसवायला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. छप्पर कुणाचं? मालकाचं. शेतकऱ्यांच्या साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून सरकार भरतं. भरावंच, मीही शेतकऱ्याचीच लेक आहे. पण मग पैसा नाही हे आम्हाला सांगू नका. २०२० मध्ये टाळेबंदीतल्या बिलांत सवलत देऊ म्हणाले आणि नोव्हेंबरात हात वर केले. ते सरकार दुसरं होतं. २०२४ च्या निवडणुकीत महायुतीने वीजबिल ३० टक्के कमी करण्याचं वचन दिलं. सरकारं बदलली, आमच्या दाराशी येणारा माणूस मात्र दरवेळी वसुलीचाच आला. मतदार यादीत माझं नाव आहे, रेशनकार्डावर आहे, मत मागायला येणाऱ्यांना माझी खोली बरोबर सापडते. मदत द्यायची वेळ आली की मीटरवरचं नाव विचारतात.

मदत रेशनकार्डावर द्या. भाडेपावतीवर मीटर द्या. गरिबाच्या बिलावरचं वीज शुल्क माफ करा. आणि ज्या घरात आजारी माणूस आहे तिथली वीज तोडण्याआधी निदान दार वाजवा.

उत्तर पाठवाल तेव्हा खोलीच्या पत्त्यावर पाठवा. मीटरच्या नावाने आलेलं आमच्यापर्यंत पोचत नाही.

आपली,
नाना पेठेतली एक भाडेकरू